ख्रिस्ती विश्वासातून व्यसनमुक्ती: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती पद्धतीने व्यसनमुक्ती म्हणजे नक्की काय करतात?

माणूस आधी हे कबूल करतो की माझ्या एकट्याच्या जोरावर हे सुटत नाहीये, मग तो स्वतःला देवाच्या हातात देतो, आणि मग (इथेच बरेच जण गळतात) दुसऱ्या माणसांसमोर बसून खरं बोलायला लागतो. बायबल वाचन, प्रार्थना, उपासना हे सगळं आहेच, पण ते फक्त एकट्याने दार लावून केलं तर व्यसन आपलं शेजारी बसून राहतं, कुठे जात नाही. कारण व्यसन जगतंच मुळी लपवण्यावर. बाटली लपवायची, पैसे लपवायचे, वास लपवायचा, आणि रविवारी चर्चमध्ये चेहरा लपवायचा. त्यामुळे आमच्या मते गाभा हाच, की लपवणं बंद व्हावं, आणि ते बंद व्हायला अशी जागा लागते जिथे खरं सांगितलं म्हणून कोणी हाकलत नाही. कृपा कृपा आपण म्हणतो ना, ती प्रत्यक्षात अशी दिसते.

एका प्रार्थनेत दारू सुटली अशा साक्षी ऐकल्यात. खरंच असं होतं?

होतं, काही जणांचं होतं, आणि आम्ही त्यावर शंका घेणार नाही. पण त्या साक्षीचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. बिल विल्सनचं घ्या, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या (एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना) दोन संस्थापकांपैकी एक. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात दारू उतरवायला अॅडमिट असताना त्याला देवाचा जबरदस्त अनुभव आला आणि त्यानंतर तो कधीच प्यायला नाही. एवढंच ऐकलं तर वाटतं झालं काम. पण पाच-सहा महिन्यांनी तो धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्याच अॅक्रन गावात गेला, काम फिसकटलं, खिशात पैसे नाहीत, हॉटेलच्या लॉबीत उभा आणि समोर बारमधून लोकांचा हसण्याचा आवाज. तेव्हा त्याने काय केलं, तर तिथे चर्चची यादी लावलेली होती त्यातल्या एका पाळकाला फोन लावला आणि विचारलं की मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का. त्या फोनाफोनीतून त्याची डॉ. बॉब स्मिथशी गाठ पडली, तोही दारुडा, आणि एए चा दुसरा संस्थापक तोच. म्हणजे एवढा मोठा अनुभव येऊनसुद्धा त्याला दुसरा माणूस लागलाच. ज्यांची एका रात्रीत सुटते त्यांना आम्ही हेच सांगतो, देवाचे आभार माना आणि मंगळवारी मीटिंगला या.

व्यसन हे पाप आहे की आजार?

यावर चर्चमध्ये तासन् तास वाद होतात आणि दोन्ही बाजूंची माणसं शेवटी दमून घरी जातात, आणि ज्याच्याबद्दल वाद चालू होता तो पीतच असतो.

आमचं म्हणणं असं. पहिला पेग बहुतेक वेळा निवड असते. पण पीत गेलं की मेंदूतली सुख आणि बक्षीस ओळखणारी यंत्रणा बदलते, डोपामिनची सगळी गणितं फिरतात, बाकी कशातच मजा येत नाही आणि 'नको' म्हणायची ताकद कमी होत जाते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्येच दारूच्या व्यसनाला आजार म्हटलंय, ही काही नवीन फॅशन नाही. आणि गंमत म्हणजे पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जे लिहिलंय, की जे करावंसं वाटतं ते माझ्याकडून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच मी करून बसतो, ते कुठल्याही व्यसनी माणसाला वाचून दाखवा, तो म्हणेल हे माझ्यावरच लिहिलंय.

म्हणून फक्त पाप म्हटलं तर माणूस लाजेने आणखी लपतो. फक्त आजार म्हटलं तर बायकोचे दागिने विकले त्याचं काय, ते आजाराने विकले का? त्याची जबाबदारी त्याचीच. आम्ही दोन्ही धरतो. आजार झालाय त्यात लाज नाही, उपचार घ्यायचे. जे वागलात त्याची कबुली द्यायची, क्षमा मागायची. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

दारू सोडायची ठरवलंय, उद्यापासून एकदम बंद करून उपवास प्रार्थनेला बसू का?

नाही. नाही. नाही. हा प्रश्न आला की आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केलं तर जीव जाऊ शकतो, हे घाबरवायला सांगत नाहीये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण ४८ ते ९६ तासांत काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतं, म्हणजे ताप, भिंतीवर किडे दिसणं, कोण कुठे बसलंय हे न कळणं, आणि ते घरी सांभाळायचं काम नाही, सरळ हॉस्पिटल. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय असेल त्यांचंही तसंच, त्या डॉक्टर हळूहळू कमी करतात.

उपवासाचं तर आणखी वेगळं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात आधीच व्हिटॅमिन बी-१ कमी असतं, म्हणून डॉक्टर थायमिन देतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा माणसाला तीन दिवस उपाशी ठेवणं म्हणजे आगीत तेल. मंडळीने उपवास करावा, जरूर करावा, त्याच्यासाठी करावा. त्याने मात्र जेवावं, पाणी प्यावं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली असावं. आणि डॉक्टरांना रोज किती पितो तो खरा आकडा सांगावा, अर्धा करून नाही.

पण गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही का?

डायबेटीसची गोळी घेताना कोणी असं म्हणत नाही, मग इथेच का? येशू स्वतः म्हणाला की निरोग्यांना नाही, दुखणाईतांना वैद्याची गरज असते, आणि ज्याने शुभवर्तमान लिहिलं तो लूक वैद्यच होता. नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत जी काही जणांची तलफ कमी करतात किंवा सोब्रायटी (दारूपासून दूर राहणं) टिकवायला मदत करतात. हेरॉईनसारख्या ओपिऑइड व्यसनासाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहेत, जी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याला काही ग्रुपमध्ये तोंडावर सांगतात की तू खरा सोबर नाहीस. त्या नादाने माणूस गोळी बंद करतो आणि पुन्हा जुन्या मालाकडे जातो. हे आम्हाला अजिबात पटत नाही. गोळी चालू-बंद करायचा निर्णय डॉक्टरांचा, पाळकांचा नाही आणि ग्रुप लीडरचा तर मुळीच नाही.

कोणी म्हणतं की त्याच्यात व्यसनाचा दुष्टात्मा आहे, तो काढला पाहिजे?

प्रार्थना करा, त्याला हरकत कोण घेणार. पण ओरडून, धरून, बांधून, मारून काही करत असतील तर तिथून माणसाला बाहेर काढा, ती प्रार्थना नव्हे. आणि एक शास्त्रभाग या लोकांना आठवत नाही, मत्तय १२ मधला: आत्मा निघून जातो, घर झाडलेलं पण रिकामं राहतं, मग तो आणखी सात घेऊन परत येतो आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. म्हणजे काढण्यापेक्षा भरण्याचं काम मोठं. संध्याकाळी सहा ते नऊ जो वेळ दारूत जायचा त्यात आता काय करणार, कोणासोबत बसणार, याचं उत्तर नसेल तर घर रिकामंच आहे.

१२ पायऱ्या ख्रिस्ती आहेत का? काही पाळक म्हणतात त्यात येशूचं नावच नाही.

१२ पायऱ्या म्हणजे एए चा व्यसन सोडायचा टप्प्याटप्प्याचा मार्ग, आणि त्यात नाव नाहीये हे खरं. पण मूळ बघितलं तर बरंचसं चर्चमधूनच आलंय. १९३० च्या दशकात ऑक्सफर्ड ग्रुप नावाची ख्रिस्ती चळवळ होती, फ्रँक बुकमन या लुथरन पाळकाने सुरू केलेली, त्यात आत्मपरीक्षण, कबुली, नुकसानभरपाई, सकाळचा शांत वेळ हे सगळं होतं. बिल विल्सन आणि डॉ. बॉब दोघं त्यातलेच, आणि न्यूयॉर्कमधले एपिस्कोपल पाळक सॅम शूमेकर यांच्याकडून आपण बरंच घेतलं असं बिल स्वतः सांगायचा. डॉ. बॉबने १० जून १९३५ ला शेवटची दारू घेतली, तोच एए चा वाढदिवस धरतात. १९३९ मध्ये पायऱ्या छापल्या तेव्हा देव 'आम्हाला जसा समजला तसा' असे शब्द घातले, कारण नास्तिक, अज्ञेयवादी सगळेच दारुडे दारात उभे होते.

पुढे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये जॉन बेकर यांनी सेलिब्रेट रिकव्हरी सुरू केलं, त्यात त्याच पायऱ्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या 'जे आत्म्याने दीन ते धन्य' वगैरे वचनांशी जोडल्या आणि येशूचं नाव स्पष्ट घेतलं. आणि एए च्याही आधी १८७७ मध्ये लुई-ल्युसियाँ रोशा या स्विस पाळकाने ब्लू क्रॉस ही दारूमुक्तीची संस्था चालू केली होती. म्हणजे चर्च या कामात नवीन नाही. बऱ्याच जणांना आम्ही दोन्हीकडे जायला सांगतो, एए ला पण आणि चर्चच्या ग्रुपला पण.

मीटिंगमध्ये काय होतं? मला सगळ्यांसमोर बोलायला लावतील का?

नाही. पहिल्या दिवशी नुसतं बसून ऐकलं तरी चालतं, बरेच जण महिनाभर तेच करतात.

खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. सुरुवातीला छोटी प्रार्थना, बहुतेक ठिकाणी ती प्रशांतीची प्रार्थना, जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे वाली, अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ रायनहोल्ड नीबर यांच्या नावावर आहे ती. मग एखादा शास्त्रभाग. मग शेअरिंग. जो बोलतो तो नाव सांगतो, म्हणतो मी प्रभूवर विश्वास ठेवणारा आहे आणि माझा झगडा दारूशी आहे, किंवा जुगाराशी, किंवा रागाशी. मग दोन-चार मिनिटं बोलतो. आणि बाकीचे गप्प बसतात! हेच सगळ्यात कठीण, कारण चर्चच्या माणसाला समोरच्याने दुःख सांगितलं की लगेच वचन सांगायची घाई होते. इथे सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, 'अरे माझं तर याहून वाईट होतं' असं पण करायचं नाही. शेवटी 'थँक्यू' एवढंच. बायका आणि पुरुषांचे शेअरिंग ग्रुप शक्यतो वेगळे. इथलं ऐकलेलं इथेच राहतं, प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा बाहेर जात नाही. (मंडळीत निम्म्या चुगल्या 'जरा प्रार्थना करा हं' म्हणूनच पसरतात, सगळ्यांना माहितीये.)

वही लिहायची म्हणतात ती काय भानगड आहे?

ती १२ पायऱ्यांमधली चौथी पायरी. वहीत रकाने पाडायचे: राग कोणावर आहे, कशामुळे, त्याने माझ्या कुठल्या गोष्टीला धक्का बसला, आणि शेवटचा रकाना, यात माझा वाटा काय. पहिले तीन रकाने भराभर भरतात, पानंच्या पानं, भावाने जमीन खाल्ली, साहेबाने प्रमोशन दिलं नाही. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबतो. तिथेच खरं काम आहे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. लहानपणी कोणी अत्याचार केला असेल तर त्यात तुमचा वाटा शोधायचा नाही, तो नसतोच, आणि तो विषय ग्रुपपेक्षा ट्रेनिंग घेतलेल्या काउन्सेलरसोबत उघडावा.

पाचव्या पायरीत ही वही देवासमोर आणि एका माणसासमोर वाचायची. याकोबाच्या पत्रात 'एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा' असं आहे ते हेच. कॅथलिक लोक फादरकडे कन्फेशनमध्ये करतात, बाकीचे स्पॉन्सरसोबत (आधी सोबर झालेला, आपल्याला सोबत करणारा माणूस). माणूस नीट निवडा, तोंडाचा पक्का हवा.

ज्यांना फसवलं त्या सगळ्यांचे पैसे परत करायचे का?

जमेल तसे, हो. बायबलमधला जकातदार जक्कय म्हणाला चौपट देतो, तुम्ही निदान मुद्दल तरी द्या. डब्लिनचा मॅट टॅलबॉट नावाचा मजूर होता, पोरवयापासून पिणारा, १८८४ मध्ये त्याने फक्त तीन महिन्यांची शपथ घेतली, मग वाढवली, मग आयुष्यभराची केली आणि १९२५ मध्ये मरेपर्यंत पाळली. पिण्याच्या दिवसांत त्याने आणि मित्रांनी एका फिडल वाजवणाऱ्याची फिडलच पळवून विकली होती. नंतर तो त्या माणसाला किती वर्षं शोधत राहिला, सापडला नाही, शेवटी ते पैसे त्याने त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला दिले. मात्र जिथे तुमच्या जाण्याने समोरच्याला पुन्हा त्रासच होणार असेल (जुनी प्रेयसी, मारहाण झालेली बायको जिला तुमचं तोंड बघायचं नाहीये) तिथे जायचं नाही. आपलं मन हलकं करायला दुसऱ्याच्या जखमेवरची खपली काढू नये.

प्रभुभोजनात द्राक्षारस घेतला तर चालेल का?

रिस्क घेऊ नका, पाळकांना आधी सांगून ठेवा. पुष्कळ प्रोटेस्टंट चर्चमध्ये साधा द्राक्षाचा ज्यूसच असतो, आणि त्याची सुरुवातच या कारणाने झाली: १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने न आंबणारा रस काढला तो प्रभुभोजनासाठीच. कॅथलिक असाल तर फक्त पवित्र भाकर घ्या, ख्रिस्त तिच्यात पूर्ण असतो हीच चर्चची शिकवण आहे, काही कमी पडत नाही. स्वतः फादरच दारूच्या आजारातून उठलेले असतील तर त्यांना परवानगीने मस्टम, म्हणजे जेमतेम आंबलेला रस, वापरता येतो.

येशूने तर पाण्याचा द्राक्षारस केला, मग थोडीशी घ्यायला काय हरकत?

हा प्रश्न न पिणारा माणूस कधीच विचारत नाही. बायबलमध्ये द्राक्षारसाला सरसकट बंदी नाही हे मान्य, पण ज्याला एक घेऊन थांबता येत नाही त्याच्यासाठी पौलाचं दुसरं वाक्य आहे, मोकळीक असली तरी मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही.

आठ महिने सोबर होतो, परवा घसरलो. आता तोंड दाखवायची लाज वाटते.

आजच दाखवा. स्लिपपेक्षा स्लिपनंतरचं लपणं जास्त नुकसान करतं, एका रात्रीचे तीन आठवडे होतात ते त्या लपण्यामुळे. ते आठ महिने वाया गेले नाहीत, मेंदू-लिव्हरला मिळालेली विश्रांती खरी आहे आणि शिकलेलं पण खरं आहे. विलापगीतात म्हटलंय की देवाची दया रोज सकाळी नवी असते. हे वचन काही कधीच न घसरलेल्या लोकांसाठी नाही.

पण गोड बोलून सोडून पण द्यायचं नाही. स्पॉन्सरसोबत बसून मागचे चार दिवस उलटे तपासायचे. बहुतेक वेळा पेगच्या आधी काहीतरी सुरू झालेलं असतं, मीटिंग चुकवली, कोणाशी तरी भांडण गिळलं, झोप नाही, फोन उचलणं बंद. आणि ओपिऑइडवाल्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा: मधे बंद होतं म्हणजे शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते, जुना डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. खूप मृत्यू असेच होतात.

मी त्याची बायको आहे. सगळे सांगतात प्रार्थना कर आणि सहन कर.

ताई, प्रार्थना करा. सहन करायचं मात्र कोणी शिकवलं? क्षमा करणं आणि पुन्हा पैसे हातात देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बापाने वाट बघितली, लांबून दिसल्यावर धावत गेला, पण डुकरांच्या गोठ्यात पैसे नाही पाठवले त्याने. ऑफिसला 'बरं नाहीये त्यांना' असा खोटा फोन करणं थांबवा, उधारी फेडणं थांबवा, त्याने केलेल्या पसाऱ्याचा हिशोब त्यालाच देऊ द्या. तो मारत असेल तर आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी, मग बाकी सगळं. कोणी पाळक यावर 'अधीन राहा' म्हणाले तर ते चुकतायत, सरळ सांगतो.

आणि एक, जेवणात गुपचूप दारू सोडवायची गोळी मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना तो प्यायला तर उलट्या, बीपी एकदम खाली, हार्टचा त्रास, जीवावर बेततं. ती गोळी घेणाऱ्याला माहिती असतानाच द्यायची असते.

तुमच्यासाठी अल-अॅनॉन आहे, घरच्यांचा वेगळा ग्रुप. तो सुधारो न सुधारो, तुम्ही जा.

मी ख्रिस्ती नाही. आलो तर धर्म बदलायला सांगतील का?

चांगल्या ठिकाणी नाही. तिथे येशूबद्दल बोललं जाईल, प्रार्थना होईल, हे आधीच माहीत असू द्या, पण मदत मिळण्यासाठी बाप्तिस्म्याची अट कोणी घालत असेल तर उठून निघा. आजारी माणसाच्या गरजेचा सौदा करणं आम्हाला तरी ख्रिस्ती वाटत नाही.

याने फायदा होतो याचा पुरावा काय?

मार्च २०२० मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) एक मोठा आढावा काढला, २७ अभ्यास, १०,५६५ लोक. त्यात एए आणि एए शी जोडून देणारे उपचार हे सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत बाकीच्या मान्य उपचारांपेक्षा सरस निघाले, एका वर्षाला १०० पैकी ४२ जण, दुसऱ्या उपचारांत ३५. म्हणजे चमत्कारिक फरक नाही पण खरा फरक आहे, आणि हेही कळतं की निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात कुठेतरी घसरतात. मात्र हा आकडा एए चा आहे, चर्चच्या प्रोग्रामचा म्हणून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. '९० टक्के बरे होतात' अशी जाहिरात दिसली तर विचारा, किती दिवसांनी मोजले, आणि मधेच सोडून गेलेले मोजले का.

ख्रिस्ती रिहॅब (व्यसनमुक्ती केंद्र) निवडताना काय बघू?

डॉक्टर कोण आहे आणि रात्री फिट आली तर काय करणार, हे पहिलं. चालू औषधं बंद करायला लावतात का. घरच्यांना फोन करू देतात का. कोंडणं, मारणं, बिनपगारी राबवून घेणं असेल तर ते रिहॅब नाही. बाहेर पडल्यावर पुढे कोण बघणार हेही विचारा, कारण आत सगळेच सोबर असतात. अॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया १९३९ पासून दारुड्यांना अॅडमिट करून घ्यायच्या, तेव्हा बाकीची हॉस्पिटलं त्यांना दारात उभं करत नव्हती. डिस्चार्जच्या वेळी त्या प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला द्यायच्या आणि अट एकच, पहिला पेग घ्यायच्या आधी हा मला परत आणून द्यायचा. म्हणजे पिण्याआधी सिस्टरचं तोंड बघायला लागणार. तसं कोणीतरी बाहेर असलं पाहिजे.

जुगार, पॉर्न, मोबाईल गेम यांनाही हे चालतं का?

चालतं, पायऱ्या त्याच. फक्त फोन घरातून काढता येत नाही, त्यामुळे रात्री तो दुसऱ्या खोलीत आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात.

आज रात्रीच तलफ आलीये, काय करू?

आधी काहीतरी खा, पोट रिकामं असलं की तलफ दुप्पट होते. पाणी प्या. घरात बाटली असेल तर स्वतः ओतायला जाऊ नका, हातात घेतली की संपलं, दुसऱ्याला सांगा. मग फोन लावा, ग्रुपमधल्या कोणालाही, अकरा वाजले असले तरी, आणि 'कसा आहेस' वगैरे नको, सरळ म्हणा मला प्यावंसं वाटतंय. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला. बोलता बोलता अर्धा तास काढा, तलफेची लाट बहुतेक तेवढ्यात उतरते. आयुष्यभर पिणार नाही अशी शपथ आत्ता घेऊ नका, उद्याची चिंता उद्याला असं येशूच सांगून गेलाय, फक्त झोपेपर्यंत नाही एवढंच ठरवा. आणि हात थरथरत असतील, घाम फुटला असेल, नसलेलं दिसत असेल तर ही तलफ नाही, विथड्रॉवल आहे (दारू थांबल्यावर शरीराला होणारा धोक्याचा त्रास), घरच्यांना उठवा आणि हॉस्पिटल गाठा.